मोफत साधनांचा उसना पाया

सॉफ्टवेअरचा व्यवसाय सुरू करण्यास भांडवल किती लागते, असे पर्वरी किंवा मडगाव येथील एखाद्या तरुण विकासकास विचारले, तर तो संगणकाची आणि इंटरनेट जोडणीची किंमत सांगेल. बाकी बहुतेक सारे मोफत उपलब्ध असते. लिहिलेला कोड ठेवण्यासाठी गिटहब, तयार घटक घेण्यासाठी एनपीएम आणि पायपीआय, तयार प्रणाली उतरवून घेण्यासाठी डॉकर हब, अडल्यास विचारण्यासाठी स्टॅक ओव्हरफ्लो आणि संकेतस्थळाच्या सुरक्षा प्रमाणपत्रासाठी लेट्स एन्क्रिप्ट. बंगळुरू वा पुण्यासारखी मोठी उद्योगनगरी नसलेल्या छोट्या राज्याला ही साधने वरदानच ठरली आहेत. मात्र यांपैकी एकाचाही कारभार भारतातून चालत नाही आणि आज मोफत असलेले उद्याही तसेच राहील, अशी हमी कोणी दिलेली नाही. या पायावर आपण काय उभारत आहोत आणि त्याची राखण कोण करतो, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे.

या राखणदारीचे खरे रूप मार्च २०२४ मध्ये जगासमोर आले. एक्सझेड युटिल्स हे फाइलचा आकार लहान करणारे साधन असंख्य लिनक्स संगणकांवर असते. त्याची देखभाल लासे कॉलिन नावाचा एक फिनिश विकासक अनेक वर्षे विनामोबदला करीत होता. २०२२ मध्ये त्याने आपल्या मानसिक स्वास्थ्याच्या अडचणी उघडपणे सांगितल्या होत्या. काम संथ चालल्याच्या तक्रारी करून काही अनोळखी खाती त्याच्यावर दबाव आणत होती. अशा वेळी ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्या व्यक्तीने मदतीचा हात पुढे केला, दीर्घकाळ नेटके काम करून विश्वास मिळवला, सहदेखभालकर्त्याचा अधिकार मिळवला आणि अखेर त्या साधनात चोरदरवाजा बसवला. तो सर्वत्र पोहोचला असता, तर जगभरातील असंख्य सर्व्हरांत विनापरवाना शिरता आले असते.

हा डाव उघडकीस आला तो जवळजवळ योगायोगाने. आंद्रेस फ्रॉइंड हा अभियंता वेगळ्याच कामासाठी चाचण्या घेत असताना त्याला सर्व्हरवर प्रवेश होण्यास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागत असल्याचे जाणवले. त्याने त्याचा माग काढला आणि २९ मार्च २०२४ रोजी सारा प्रकार जाहीर केला. बाधित आवृत्ती तोवर मुख्यतः लिनक्सच्या चाचणी वितरणांपर्यंतच पोहोचली होती, म्हणून अनर्थ टळला. ‘जिया टॅन’ या नावामागे कोण होते, हे आजही उघड झालेले नाही.

ही घटना अपवाद म्हणून सोडून देता येत नाही. हॉटेलच्या आरक्षणाचे साधे संकेतस्थळ जरी घडवले, तरी त्यात इतरांनी लिहिलेले शेकडो घटक सामावलेले असतात आणि बहुतेकांचे कर्ते विकासकास नावानेही ठाऊक नसतात. मार्च २०१६ मध्ये एका विकासकाने नावाच्या वादातून एनपीएमवरील आपले घटक काढून घेतले. त्यांतील ‘लेफ्ट-पॅड’ हा घटक अवघ्या ११ ओळींचा होता, तरी त्यावाचून जगभरातील अनेक प्रकल्पांची कामे अडली. सप्टेंबर २०२५ मध्ये एनपीएमवरील एका देखभालकर्त्याला बनावट ईमेलने फसवण्यात आले आणि अतिशय प्रचलित घटकांत घातक कोड मिसळला गेला. दोन्ही प्रसंगी जगभराचा भार एकेका माणसाच्या खांद्यावर होता.

दुसरा धोका मालकीचा आहे. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये गिटहब ७.५ अब्ज डॉलरना घेण्याचा करार केला. डॉकर हबने नोव्हेंबर २०२० पासून मोफत वापरावर मर्यादा घातल्या. हेरोकूने नोव्हेंबर २०२२ मध्ये आपली मोफत सेवा बंद केली आणि तिच्यावर आपले प्रकल्प चालवणाऱ्या विद्यार्थ्यांना नवे बिऱ्हाड शोधावे लागले. कंपन्यांनी नफा पाहू नये, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. सर्व्हर चालवण्यास खर्च येतोच. मात्र भाडेकरूने स्वतःला मालक समजू नये.

मालकाच्या जोडीला सरकारेही असतात. जुलै २०१९ मध्ये अमेरिकी निर्बंधांमुळे गिटहबने इराण, सीरिया आणि क्रिमिया येथील विकासकांच्या खात्यांवर बंधने आणली. इराणमधील विकासकांना पूर्ण सेवा परत मिळण्यास जानेवारी २०२१ उजाडले. आपल्याकडेही डिसेंबर २०१४ मध्ये दहशतवादी प्रचाराच्या कारणावरून ३२ संकेतस्थळे रोखण्याचा आदेश निघाला. त्यांत गिटहबचाही समावेश होता. ती बंदी लवकरच उठवली गेली, तरी आपला कोड आपल्या हाती नसेल तर काय होते, याची चुणूक तेव्हा मिळाली.

तिसरा बदल अधिक संथ आणि म्हणून अधिक दुर्लक्षित आहे. २००८ पासून स्टॅक ओव्हरफ्लोवर विकासकांनी एकमेकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरे हा एक सार्वजनिक ज्ञानसंचय होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यानंतर तेथे येणाऱ्या नव्या प्रश्नांची संख्या झपाट्याने घटली. विकासक आता यंत्राला एकांतात विचारतात. उत्तर क्षणात मिळते, परंतु ते दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडत नाही आणि चुकले तर सुधारणाराही भेटत नाही. सामायिक विहिरीचे पाणी घराघरांतील टाक्यांत गेले की विहीर उपसण्याची, गाळ काढण्याची जबाबदारी कोणी घेत नाही. तसेच काहीसे येथे घडत आहे.

यावर उपाय म्हणून ही साधने टाळणे अशक्य आहे आणि अनावश्यकही. छोट्या कंपन्यांनी निदान आपल्या कोडची आणि त्यात वापरलेल्या घटकांची अद्ययावत प्रत स्वतःजवळ ठेवावी, घटकांच्या आवृत्त्या निश्चित कराव्यात आणि नवी आवृत्ती डोळे झाकून स्वीकारू नये. याला खर्च थोडा येतो, शिस्त मात्र लागते.

राज्य शासनाची जबाबदारी याहून मोठी आहे. केंद्राच्या सर्ट-इन या यंत्रणेने ऑक्टोबर २०२४ मध्ये सॉफ्टवेअरमधील घटकांच्या यादीविषयी मार्गदर्शक सूचना जारी केल्या. गोव्यातील प्रत्येक शासकीय निविदेत ही यादी आणि संपूर्ण कोडची प्रत शासनाच्या ताब्यात देण्याची अट असावी. कंत्राटदार बदलला किंवा एखादी परदेशी सेवा बंद पडली, तरी जमिनीच्या नोंदी आणि परवाने यांचे काम अडता कामा नये.

देखभालीसाठी पैसा देण्याचीही उदाहरणे आहेत. जर्मनीने २०२२ मध्ये सरकारी पैशातून यासाठी ‘सॉव्हरिन टेक फंड’ उभारला. भारतातील झेरोधा या कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये मुक्त स्रोत प्रकल्पांसाठी वर्षाला १० लाख डॉलरचा निधी जाहीर केला. केरळने तर २०११ मध्येच मुक्त सॉफ्टवेअरसाठी स्वतंत्र संस्था स्थापन केली. गोव्याने एवढा पसारा मांडावा असे नाही. परंतु २०२१ पासून ‘केअर्स’ योजनेखाली आपण शाळांत कोडिंग शिकवत आहोत. त्या मुलांना साधने वापरण्याबरोबरच त्यांतील चूक शोधून कळवणे, दुरुस्ती पाठवणे, माहिती मराठी-कोकणीत लिहिणे हेही शिकवता येईल. महाविद्यालयांनी अशा योगदानाला प्रकल्पाचे गुण द्यावेत. दरवर्षी यातून मोजकेच विद्यार्थी मुक्त स्रोत प्रकल्पांच्या देखभालीकडे वळले, तरी एकट्याने भार वाहणाऱ्या एखाद्या कॉलिनला खरा सहकारी मिळेल आणि गोव्याच्या संगणकांवर चालणाऱ्या कोडची पारख असलेली माणसे गोव्यातच तयार होतील.