पाळलेला कुत्रा रस्त्यावर सोडला तर दंड किती? जास्तीत जास्त ५० रुपये!

बदली झाली, घरात बाळ आलं किंवा सोसायटीने कटकट सुरू केली, की पाळलेल्या कुत्र्याचं काय करायचं हा प्रश्न उभा राहतो. काहीजण त्याला गाडीत घालून लांब सोडून येतात. हा गुन्हा आहे का?

हो. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११नुसार, उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला विनाकारण सोडून देणं गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. वडापाव-चहाच्या पैशांत सुटका होत असेल, तर धाक कसला?

मग भार येतो प्राणी संस्थांवर. त्यांच्याकडची जागा मुख्यतः जखमी, आजारी भटक्या कुत्र्यांसाठी असते. त्यामुळे नवं घर मिळेपर्यंत कुत्रा स्वतःकडेच ठेवून संस्थेच्या मदतीने कुटुंब शोधणं हा चांगला मार्ग.

देण्याआधी काय करायचं?

- लसीकरण आणि नसबंदी पूर्ण करा. २०२३च्या नियमांनुसार ही जबाबदारी मालकाचीच आहे.
- लसीकरणाचं कार्ड आणि सवयींची खरी माहिती नव्या घराला द्या.
- परवान्यावरचं नाव बदला. वाशी-नेरूळसाठी नवी मुंबई महापालिका, खारघर-कामोठेसाठी पनवेल महापालिका.

आणि कारण फक्त सोसायटी असेल, तर थांबा. प्राणी कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार बहुमताने ठराव करूनही सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही. कदाचित नवं घर शोधायची गरजच पडणार नाही.