सहा आकड्यांची चौकशी

चातुर्मास जवळ आला की गावोगावच्या मंडळांत एक काम हमखास निघते. ते म्हणजे परिवार-सूची नव्याने तपासण्याचे. नवी घरे नोंदवायची, स्थलांतरितांचे पत्ते बदलायचे, दुबार नावे काढायची. याच सूचीवरून मासिकाचे अंक रवाना होतात आणि क्षमापनेची पत्रे टाकली जातात. मोबाइलवरून एका क्षणात शेकडो जणांना संदेश जातो, हे खरे. परंतु ज्या आजी-आजोबांच्या हाती तसा मोबाइल नाही, त्यांच्या दारी आजही पोस्टमनच येतो. त्यांच्या पत्त्यातील पिन कोड चुकलेला असला, तर पत्र परजिल्ह्याची फेरी मारून उशिरा पोहोचते किंवा पोहोचतच नाही. क्षमापनेचे पत्र दिवाळीच्या सुमारास हाती पडले, तर त्या वृद्धास काय वाटत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

पिन कोड तपासण्याचे हे काम बहुधा मंडळातील एखाद्या उत्साही तरुणाच्या गळ्यात पडते. त्याने सूचीतील पत्ता वाचावा, संकेतस्थळ उघडावे, सहा आकडे लिहावेत, समोर आलेला जिल्हा ताडून पाहावा, मग पुढचा पत्ता घ्यावा. समजा, सूचीत ८०० घरे आहेत आणि एका पत्त्यास दीड मिनिट लागते. म्हणजे १,२०० मिनिटे, पुरते वीस तास. शिवाय तिसऱ्या शतकाच्या आसपास डोळे शिणतात, ४१६ आणि ४६१ सारखेच दिसू लागतात, आणि चुका शोधण्याच्या कामातच नव्या चुका शिरतात. ज्या कामात विचार लागत नाही, केवळ न थकण्याची अपेक्षा असते, ते काम यंत्राकडे सोपवण्यात संकोच कसला?

येथे पिन कोडची थोडी ओळख करून घेणे उचित ठरेल. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी आपल्या देशात सुरू झाली. तिचे शिल्पकार श्रीराम भिकाजी वेलणकर हे डाक-तार खात्यातील उच्च अधिकारी तर होतेच, पण संस्कृतचे कवी आणि नाटककारही होते. एकाच नावाची अनेक गावे, निरनिराळ्या लिप्या आणि दुर्वाच्य अक्षर यांतून पत्राची सुटका करणे हा या सहा आकड्यांचा हेतू. आपल्या परिचयाचेच उदाहरण घ्या. धुळे जिल्ह्यातील शिरपूरचा पिन कोड ४२५४०५ आहे, तर वाशीम जिल्ह्यातील शिरपूर जैनचा पिन कोड ४४ या विदर्भाच्या आकड्यांनी सुरू होतो. गावाचे नाव पत्त्यात बरोबर असूनही पत्र खानदेशात जायचे की विदर्भात, हे आकडेच ठरवतात.

आता यंत्राकडे वळू. संगणकास लेखी आज्ञा देण्याची जी खिडकी असते, तिला टर्मिनल म्हणतात आणि त्या आज्ञा समजून घेणाऱ्या दुभाष्यास शेल. आपण एकामागून एक द्यावयाच्या आज्ञा एका साध्या फाइलमध्ये लिहून ठेवल्या की झाली शेल स्क्रिप्ट. लिनक्स आणि मॅक संगणकांवर शेल असतेच. विंडोजवर डब्ल्यूएसएल किंवा गिट बॅश बसवावे लागते. महाजालावरून मजकूर आणून देणारी आज्ञा म्हणजे कर्ल. तिची जन्मकथा आपल्या विषयाला फारच साजेशी आहे. स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग यांना गप्पांच्या एका मंचावरील मंडळींसाठी चलनांचे दर महाजालावरून वारंवार आणून हवे होते. त्यासाठी त्यांनी हाती घेतलेले छोटेसे साधन वाढत गेले आणि १९९८ मध्ये कर्ल या नावाने प्रसिद्ध झाले. पुनःपुन्हा तेच पाहण्याच्या कंटाळ्यातूनच हे साधन जन्मले, असे म्हणावयास हरकत नाही.

आपली स्क्रिप्ट दहा-बारा ओळींहून मोठी होण्याचे कारण नाही. एक्सेलमधील सूचीतून फक्त पिन कोडचा स्तंभ एका मजकूर-फाइलमध्ये उतरवावा. मग सॉर्ट या आज्ञेने तो क्रमवार लावून दुबार आकडे गाळावेत. हे करताच काम किती आटोपशीर होते पाहा: ८०० घरांचे पिन कोड ८०० नसतात. एका पेठेतील साठ घरांचा कोड एकच असतो. समजा, वेगळे कोड १५० निघाले. त्यानंतर व्हाइल आणि रीड या दोन शब्दांनी एक फेरा रचायचा, म्हणजे फाइलमधील एक ओळ वाच, ते सहा आकडे पिन कोडची माहिती देणाऱ्या सेवेच्या पत्त्यास जोडून कर्लकरवी विचार, आलेले उत्तर त्या कोडच्या नावाने जपून ठेव, दोन सेकंद थांब, पुढची ओळ घे. थांबण्यासाठीचा शब्द स्लीप. १५० चौकशा पाच-सात मिनिटांत उरकतात. उत्तरांतून डाकघर आणि जिल्हा तेवढा वेचून काढण्यास ग्रेप पुरते. हे सारे शब्द टाइप करताना मात्र इंग्रजी छोट्या अक्षरांत लिहावे लागतात.

अडचणी येतात त्या बहुधा सूचीच्या बाजूने. मराठी सूचीत आकडे अनेकदा देवनागरीत असतात, आणि सेवेला लागतात रोमन. ते बदलण्यासाठी सेड ही आज्ञा वापरावी. लिनक्सवरील टीआर ही आज्ञा एकेक बाइटच पाहते आणि आपल्या अंकांचे तुकडे करते, म्हणून या कामी ती नको. अंक रोमन झाल्यावर मात्र हीच टीआर उपयोगी पडते. आकडे आणि ओळबदल वगळून बाकी सारे पुसून टाक, असे तिला सांगता येते. त्यामुळे तीन आकड्यांनंतर सोडलेली मोकळी जागाही जाते आणि विंडोजवर केलेल्या फाइलीत प्रत्येक ओळीच्या शेवटी दडलेले अदृश्य चिन्हही जाते. हे चिन्ह राहिले तर डोळ्यांना कोड अचूक दिसतो आणि सेवा मात्र ‘नोंद नाही’ म्हणते. माणूस तासभर डोके धरून बसतो. आणखी एक. फाइलमधील शेवटच्या ओळीनंतर एन्टर दाबलेले नसेल, तर वर सांगितलेला फेरा ती ओळ सोडून देतो. सूचीतील शेवटचे घर असे निमूटपणे वगळले जाऊ नये.

आणि आकडे सहाच्या कमी-अधिक असतील किंवा पहिला आकडा शून्य असेल, तर विचारण्याचे कारणच नाही. तो कोड चुकीचाच आहे. भारतात शून्याने सुरू होणारा पिन कोड नाही.

दुसऱ्याच्या दारी चौकशीस जाताना काही रीत पाळावी लागते, ती येथेही आहे. दोन सेकंदांचा थांबा त्यासाठीच. एका दमात शेकडो प्रश्न आदळले, तर विनामूल्य सेवा चालवणाऱ्याचा संगणक दमतो आणि इतरांची गैरसोय होते. ‘फार प्रश्न झाले’ असे सांगणारे ४२९ क्रमांकाचे उत्तर आले तर त्या दिवसापुरते थांबावे. ज्या संकेतस्थळाने स्वयंचलित चौकशीस मनाई केली आहे किंवा चित्रातील अक्षरे ओळखण्यास सांगितले आहे, तेथे आडवाट शोधू नये. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बाहेर फक्त सहा आकडेच जावेत. नाव, घरक्रमांक, दूरध्वनी काहीही नाही. ही माहिती लोकांनी मंडळाच्या विश्वासावर दिलेली असते.

खरे पाहता, सूची मोठी असेल तर महाजालास पुनःपुन्हा विचारण्याहून बरा मार्ग आहे. भारत सरकारच्या खुल्या माहितीच्या संकेतस्थळावर अखिल भारतीय पिन कोड निर्देशिका उतरवून घेण्याजोगी ठेवलेली आहे. ती एकदाच घ्यावी आणि तोच फेरा आपल्याच संगणकावर चालवावा. मग ना थांबा, ना कोणास त्रास.

यानंतर जी यादी हाती येते ती दुरुस्त पत्त्यांची नव्हे, विसंगतीची असते, आणि ती तशीच असावी. स्क्रिप्टने जिल्हा परस्पर बदलावा, असा मोह काही तरुणांना होतो. माझे मत त्याच्या विरुद्ध आहे. ४१६ ने सुरू होणारे कोड कोल्हापूर, सांगली आणि सिंधुदुर्ग या तिन्ही जिल्ह्यांत आहेत. सांगली शहर ४१६४१६, इचलकरंजी ४१६११५, सावंतवाडी ४१६५१०. पहिले तीन आकडे पाहून जिल्हा ठरवला तर सावंतवाडीचे घर कोल्हापुरात जाईल. पालघर जिल्हा २०१४ मध्ये ठाण्यातून वेगळा झाला. एखाद्या जुन्या नोंदीत तेथे ठाणेच लिहिलेले असू शकते. धाराशिव आणि अहिल्यानगर यांचेही तेच. यंत्राला येथे दोन शब्द जुळले नाहीत एवढेच कळते. चूक पत्त्यात आहे, नोंदीत आहे, की घरच बदलले आहे, हे त्या गल्लीत ये-जा असणाऱ्यास कळते.

म्हणून विसंगतीची ती वीस-पंचवीस घरांची यादी छापून घ्यावी आणि मंडळातील ज्येष्ठ भगिनींकडे द्यावी. कोणाची सून कोठे राहावयास गेली, कोणत्या आजी आता धाकट्या मुलाकडे असतात, हे त्यांना तोंडपाठ असते. उरलेल्या घरी दूरध्वनी करावा. वाचलेल्या वीस तासांतील दोन तास त्या बोलण्यात गेले तर जाऊ द्यावेत. दुरुस्त झालेल्या प्रत्येक ओळीपुढे तपासल्याची तारीख लिहावी आणि स्क्रिप्टची फाइल सूचीच्या शेजारीच ठेवावी, म्हणजे पुढील वर्षी हे काम दुसऱ्या कोणाकडे गेले तरी त्याला ती शोधावी लागणार नाही.