नफ्याला धनी, अपघाताला वाली नाही

देशाची विजेची भूक वाढत आहे. कोळशाने ती भागवावी तर हवा बिघडते. सूर्य सायंकाळी मावळतो आणि वारा आपल्या लहरीने वाहतो. सबब अणुभट्ट्यांवाचून गत्यंतर नाही. असा युक्तिवाद आज दिल्लीपासून मुंबईपर्यंत सर्व सत्ताकेंद्रांतून ऐकू येत आहे. तो इतक्या वेळा आणि इतक्या आत्मविश्वासाने मांडला जातो की पुष्कळ प्रामाणिक पुरोगाम्यांनाही तो पटू लागला आहे. अणुविजेला विरोध करणे म्हणजे विज्ञानाला विरोध करणे, अशी एक धास्ती त्यांच्या मनात घर करून बसली आहे. परंतु हा प्रश्न मुळात विज्ञानाचा नाहीच. अणूचे विभाजन कसे होते हे पदार्थविज्ञान सांगते. त्यातून निघणारी वीज कोणाकडे जावी, तिचा नफा कोणी घ्यावा आणि तिची जोखीम कोणी वाहावी, हे मात्र पदार्थविज्ञान सांगत नाही. ते राजकारण ठरवते.

प्रथम मागणीचाच विचार करावा. मागणी वाढत आहे यात वाद नाही. ३० मे २०२४ रोजी देशातील विजेची कमाल मागणी २,५०,००० मेगावॅटवर पोहोचली. परंतु ‘देशाची मागणी’ या दोन शब्दांआड अनेक परस्परविरोधी मागण्या दडलेल्या असतात. २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्र रोज दहा-दहा, बारा-बारा तास अंधारात बसत होता, आणि त्याच वेळी मुंबई शहर भारनियमनापासून मुक्त होते. तारापूरची अणुभट्टी १९६९ पासून याच राज्याच्या किनाऱ्यावर चालत आली आहे, म्हणून मराठवाड्यातील शेतकऱ्याचे रात्री-अपरात्री पंप सुरू करण्यासाठी शेतावर जाणे टळले नाही. वीज किती निर्माण होते यावर तिचे वाटप ठरत नाही. वाटप ठरवणारा कोण आहे यावर ते ठरते. आज नव्याने वाढणाऱ्या मागणीत वातानुकूलित मॉल आणि महाकाय डेटा सेंटरे यांचा वाटा वाढत आहे, आणि डेटा सेंटरांची मोठी गर्दी मुंबई-नवी मुंबईच्या परिसरातच होत आहे. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस अणुऊर्जा महामंडळाने २२० मेगावॅटच्या लहान भट्ट्यांसाठी उद्योगपतींकडून प्रस्ताव मागवले, तेही त्यांच्या स्वतःच्या कारखान्यांना लागणाऱ्या विजेसाठी. तेव्हा मागणी कोणाची, हे शासनानेच आपल्या हाताने लिहून दिलेले आहे. त्यात झोपडीतला दिवा कोठेच नाही.

आता पुरवठ्याच्या बाजूचा हिशेब पाहू. अणुऊर्जा खात्याचा इतिहास हा पुढे ढकललेल्या वायद्यांचा इतिहास आहे. २००० सालापर्यंत १०,००० मेगावॅटची योजना १९८४ मध्ये आखली गेली. प्रत्यक्षात २००० साली २,७२० मेगावॅट हाती आले. मग २०२० पर्यंत २०,००० मेगावॅट असे सांगण्यात आले. त्या वर्षी आकडा होता ६,७८०. २०२५ मध्ये तो जेमतेम पावणेनऊ हजारांच्या घरात गेला आणि देशाच्या एकूण विजेत अणुविजेचा वाटा सुमारे तीन टक्केच राहिला. या पार्श्वभूमीवर फेब्रुवारी २०२५ च्या अंदाजपत्रकात २०४७ पर्यंत १,००,००० मेगावॅटचे उद्दिष्ट जाहीर झाले. मागचा वायदा फसला की पुढचा वायदा त्याहून मोठा करायचा, ही सावकाराच्या दारात पुन्हा पुन्हा जाणाऱ्या कर्जबाजाऱ्याची रीत आहे. फरक इतकाच की येथे कर्ज खाते काढते आणि फेड जनता करते.

या वायद्यांपैकी सर्वांत मोठा वायदा महाराष्ट्राच्या माथी मारलेला आहे. राजापूर तालुक्यातील जैतापूर प्रकल्पात फ्रेंच बनावटीच्या सहा ईपीआर भट्ट्या उभारण्याची योजना आहे. पर्यावरण-परवाना २८ नोव्हेंबर २०१० रोजी, म्हणजे फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी यांचे विमान भारतात उतरण्यापूर्वी जेमतेम आठवडाभर, देण्यात आला. एवढी घाई ज्या भट्टीसाठी झाली तिची जन्मभूमीतील कहाणी काय आहे? फ्रान्समधील फ्लामांव्हील येथे तिचे बांधकाम २००७ च्या डिसेंबरात सुरू झाले. २०१२ मध्ये वीज मिळेल आणि ३.३ अब्ज युरो लागतील असे सांगण्यात आले होते. वीज मिळाली ती २१ डिसेंबर २०२४ रोजी, आणि तेथील सरकारी वीज कंपनीच्याच अंदाजाने खर्च गेला १३.२ अब्ज युरोंवर. फिनलंडमधील ओल्किलुओटो येथे २००५ मध्ये सुरू झालेले काम २००९ ऐवजी २०२३ मध्ये पुरे झाले. मूळ करार ज्या अरेव्हा कंपनीशी झाला होता तीच कंपनी तोट्याच्या खाईत गेली आणि २०१७ अखेर तिचा अणुभट्टी-विभाग फ्रान्सच्या सरकारी वीज कंपनीच्या गळ्यात बांधावा लागला. इंग्लंडने हिंकली पॉइंट येथील याच जातीच्या भट्टीसाठी पस्तीस वर्षे ज्या दराची हमी दिली आहे तो २०१२ च्या किमतींनुसार युनिटला सव्वानऊ पेन्स, म्हणजे त्या वेळच्या विनिमयदराने साडेसात-आठ रुपये होतो. आपल्याकडे सौर विजेचे लिलाव अडीच रुपयांच्या आसपास होतात.

रत्नागिरी जिल्ह्याने असा एक धडा पूर्वी गिरवलेला आहे. विजेचा तुटवडा हेच कारण पुढे करून त्या जिल्ह्यात एन्रॉन आणली गेली. १९९५ मध्ये सत्तांतरानंतर प्रकल्प रद्द झाला आणि काही महिन्यांतच वाढवून पुन्हा स्वीकारला गेला. २००१ मध्ये राज्य वीज मंडळाला ती महागडी वीज घेणे अशक्य झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेतील मूळ कंपनी दिवाळखोरीत निघाली. कंपनी गेली, दाभोळचे ओझे सार्वजनिक वित्तसंस्थांच्या आणि बँकांच्या पाठीवर राहिले. एन्रॉनचा धूर वाऱ्याबरोबर जात होता. अणुभट्टीचा कचरा वाऱ्याबरोबर जात नाही.

या सगळ्यावर कळस चढवला तो डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने. १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा अणु-नुकसानभरपाई कायदा, दोन्ही रद्द करून त्यांच्या जागी एकच कायदा आणला गेला आणि त्याचे संक्षिप्त नाव ठेवले गेले ‘शांती’. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! विधेयक मांडल्यापासून आठवड्याच्या आत ते दोन्ही सभागृहांतून पार पडले. संसदीय समितीकडे पाठवण्याची विरोधकांची मागणी मान्य झाली नाही. या कायद्याने खाजगी कंपन्यांना अणुवीज केंद्रे उभारण्याची, मालकीची ठेवण्याची आणि चालवण्याची मुभा दिली. मात्र इंधनाचे समृद्धीकरण, वापरलेल्या इंधनाची प्रक्रिया आणि तीव्र किरणोत्सारी कचऱ्याची व्यवस्था ही कामे केंद्र सरकारकडेच राहिली. म्हणजे वीज विकून पैसा करायचा तो कंपनीने, आणि हजारो वर्षे धगधगत राहणारी राख सांभाळायची ती सरकारने!

याहून गंभीर बाब दायित्वाची आहे. २०१० चा कायदा करताना संसदेसमोर भोपाळ होते. १९८४ च्या डिसेंबरात त्या शहरावर विषारी वायू कोसळला आणि १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरांवर हिशेब मिटवण्यात आला. या अनुभवातून शिकून २०१० च्या कायद्याने, सदोष यंत्रसामग्रीमुळे अपघात झाला तर पुरवठादाराकडून वसुली करण्याचा हक्क भट्टीचालकाला दिला होता. परदेशी कंपन्यांना तेच कलम नको होते, आणि ‘शांती’ कायद्याने ते काढून टाकले. आता करारातच तसे लिहून घेतले असेल किंवा कोणी हेतुपुरस्सर नुकसान केले असेल, तरच पुरवठादाराला हात लावता येईल. सर्वांत मोठ्या भट्टीच्या चालकाचे दायित्व ३,००० कोटी रुपयांवर थांबते, आणि लहान भट्टीसाठी ते उतरत उतरत १०० कोटींवर येते. आजच्या विनिमयदराने भोपाळची ती अपुरी, अपमानास्पद तडजोडसुद्धा ४,००० कोटींच्या वर जाते. मग ११ मार्च २०११ नंतर फुकुशिमात दीड लाखाहून अधिक माणसांना घरेदारे सोडावी लागली, तसे काही येथे घडले तर काय पुरणार? इतर देशांतही दायित्व चालकावरच असते, असे समर्थन केले जाते. असेल; पण त्या देशांवर भोपाळ कोसळलेले नाही. आपले यंत्र पूर्ण सुरक्षित आहे असे शपथेवर सांगणारा विक्रेता त्या यंत्राची जबाबदारी मात्र घेणार नाही म्हणतो, तेव्हा त्याच्या शपथेवर विश्वास ठेवायचा की त्याच्या नकारावर? नियामक मंडळाला या कायद्याने वैधानिक दर्जा दिला, ही चांगली गोष्ट आहे. परंतु पहारेकऱ्याला गणवेश दिल्याने तिजोरीची किल्ली कोणाच्या खिशात आहे, हे बदलत नाही.

आणि ज्यांच्या दारात ही भट्टी येणार त्यांचे काय? माडबन, करेल, निवेली, मिठगवाणे या गावांची सुमारे ९३८ हेक्टर जमीन संपादित झाली. आरंभी बहुतेक खातेदारांनी धनादेश नाकारले. २०१३ मध्ये हेक्टरी साडेबावीस लाखांची रक्कम जाहीर झाली, तेव्हा अनेकांनी ती घेतली, आणि विरोध संपला असा डांगोरा पिटण्यात आला. परंतु साखरी नाट्याच्या मच्छीमाराचा हिशेब या धनादेशात बसतच नाही. जमिनीला सातबारा असतो, समुद्राला नसतो. रोज अब्जावधी लिटर समुद्राचे पाणी भट्टीत घेऊन ते गरम करून परत सोडले जाणार. त्या पाण्यातील मासळीवर जगणारा माणूस सरकारी दप्तरात ‘प्रकल्पग्रस्त’ ठरत नाही. १८ एप्रिल २०११ रोजी नाट्यात झालेल्या पोलिस गोळीबारात एक तरुण मरण पावला. फुकुशिमाच्या दुर्घटनेला तेव्हा दीड महिनाही उलटला नव्हता. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी उठवल्या गेलेल्या अक्करपट्टी आणि पोफरण येथील विस्थापितांना पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षे न्यायालयाचे उंबरठे झिजवावे लागले, हे कोकणाने पाहिलेले आहे. ज्याचे जळते त्यालाच कळते.

येथे एका आक्षेपाचा प्रामाणिकपणे विचार केला पाहिजे. पृथ्वी तापत आहे. कोळसा जाळणे थांबलेच पाहिजे. आणि अणुभट्टी चालताना कर्बवायू सोडत नाही, हे खरे आहे. परंतु म्हणूनच वेळेचा आणि पैशाचा प्रश्न निर्णायक ठरतो. जी भट्टी उभी राहायला पंधरा-सतरा वर्षे लागतात ती या दशकातील एक टन कोळसाही वाचवत नाही. उलट तिच्यात अडकलेला पैसा लवकर होऊ शकणाऱ्या कामांपासून हिरावला जातो. सौर विजेची स्थापित क्षमता १५ वर्षांत जवळजवळ शून्यापासून १,००,००० मेगावॅटपलीकडे गेली. सौर मेगावॅट अणुमेगावॅटच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढीच वीज देतो, हे मान्य केले तरी २०२४-२५ मध्ये सौर विजेची निर्मिती अणुविजेच्या दुपटीहून अधिक झाली. रात्रीचा प्रश्न उरतोच. पण तो असाध्य नाही. मागणी कमी असताना विजेने पाणी वर चढवायचे आणि मागणी वाढली की ते खाली सोडून वीज घ्यायची, हे घाटघर येथील २५० मेगावॅटचे केंद्र २००८ पासून करीत आहे. सह्याद्रीचे कडे त्यासाठी निसर्गानेच उभे केले आहेत, फक्त तेथेही धरणग्रस्तांना विचारून पाऊल टाकले पाहिजे. शेतीला दिवसा वीज हवी असते आणि सूर्य दिवसाच तळपतो. हे साधे गणित जुळवण्यासाठी परदेशी भट्टी लागत नाही.

अर्थात सूर्य आपोआप समाजवादी होत नाही. राजस्थान-गुजरातच्या वाळवंटांतील सौर क्षेत्रांवरही मूठभर घराण्यांचीच मालकी पसरत आहे, आणि तिच्याशीही झगडावे लागेल. परंतु सौर वीज गावाच्या सहकारी संस्थेला, पंचायतीला, शेतकऱ्यांच्या गटाला निर्माण करता येते. अणुभट्टी कधीही गावाची होऊ शकत नाही. ती एक तर गोपनीयतेच्या पडद्याआड बसलेल्या शासनाची असते, किंवा आता त्याच पडद्याआड बसलेल्या भांडवलदाराची.

म्हणून कार्यकर्त्यांनी या लढ्याची मांडणी केवळ किरणोत्साराच्या भीतीवर करू नये. भीतीचे शमन तज्ज्ञांच्या दोन व्याख्यानांनी करता येते. हिशेबाचे करता येत नाही. जैतापूरच्या विजेचा दर करारापूर्वी जाहीर करा. पुरवठादाराचे दायित्व कायद्यात परत आणा. मच्छीमाराला प्रकल्पग्रस्ताचा हक्क द्या. ग्रामसभेचा नकार अंतिम माना. या चार मागण्या गावोगाव, बंदरोबंदर आणि वीजग्राहकांच्या सभांतून मांडल्या पाहिजेत. लोकांनी नकार दिला म्हणून पश्चिम बंगालमधील हरिपूरचा आणि गुजरातेतील मिठी विरडीचा प्रकल्प मागे घ्यावा लागला. तेथे देश अंधारात बुडाला नाही. विजेची टंचाई दूर करता येते. एकदा किनारा नासला तर मात्र पुन्हा जाळे टाकायला दुसरा समुद्र मिळत नाही.