कुठला राग लावू?

शुक्रवारी रात्री अकराला ताईचा फोन आला की मी आधी घाबरतो आणि मग उचलतो. त्या दिवशी प्रश्न अगदीच साधा निघाला. "अरे, तू जरा शास्त्रीय वगैरे ऐकतोस ना? मग सांग, चिंटूला कुठला राग लावू?"

चिंटू म्हणजे माझा भाचा (खरं नाव अर्थातच वेगळं). वय वर्षं पाच. त्याला ऑटिझम आहे, म्हणजे आपण मराठीत स्वमग्नता म्हणतो ते. शब्द जवळजवळ नाहीतच. पंख्याकडे तासभर बघत बसेल, पण मिक्सर लावला की कानांवर हात ठेवून कॉटखाली. ताईला कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर यादी पाठवली होती: या रागाने डोकेदुखी जाते, त्या रागाने मधुमेह, आणि अमुक रागाने 'मुलांची एकाग्रता व वाचा'. खाली एका पॅकेजची जाहिरात. पेनड्राइव्हवर चाळीस ट्रॅक, रोज सकाळ-संध्याकाळ वीस मिनिटं, फक्त साडेसहा हजार रुपये. ताईने ते घेऊनही टाकलं होतं. तिसऱ्याच दिवशी पोराने स्पीकरची वायर उपटली, म्हणून आता राग बदलून बघावा का, हे ती मला विचारत होती.

मला हसू येत होतं, पण आवरलं. ताई स्वतः इंजिनिअर आहे, माझ्यापेक्षा जास्त मार्कांनी पास झालेली. एरवी दुकानदाराला घाम फोडणारी बाई. पण तीन वर्षं डॉक्टर, स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, शाळेचे नकार आणि नातेवाइकांचे सल्ले एवढं सगळं करून माणूस दमतं, आणि दमलेल्या माणसाला साडेसहा हजार स्वस्त वाटतात. म्हणून हा लेख.

आधी माझं मत सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांनी इथेच थांबलं तरी चालेल :) संगीताचा अशा मुलांना उपयोग होऊ शकतो. पण तो उपयोग रागात किंवा ट्रॅकमध्ये नसतो. समोर बसून मुलाला सुरातालात उत्तर देणारं जे माणूस असतं, त्याच्यामुळे होतो. आणि आपल्याकडे धडाक्यात विकली जाते ती नेमकी त्या माणसाशिवायची वस्तू.

हे मला पुस्तकातून नाही कळलं. चिंटूच्या स्पीच थेरपिस्टनेच पुढे एका संगीतोपचार करणाऱ्या मॅडमचं नाव सुचवलं. एका शनिवारी मी ड्रायव्हर म्हणून गेलो आणि परवानगी घेऊन कोपऱ्यात बसलो. खोलीत पेटी, ढोलकी, खंजिरी आणि स्टीलच्या दोन वाट्या. चिंटू नेहमीप्रमाणे भिंतीला पाठ लावून मागेपुढे झुलायला लागला. मॅडम "असं नाही करायचं बाळा" वगैरे काही म्हणाल्या नाहीत. त्यांनी त्याच्या झुलण्याचा वेग पकडला आणि ढोलकीवर अगदी हलक्या हाताने दादरा धरला. तो थांबला की त्या थांबायच्या. तो वेगात गेला की त्याही वेगात. पाच-सात मिनिटांनी त्याच्या लक्षात आलं असावं की हा आवाज आपल्या हातात आहे. त्याने मुद्दाम थांबून पाहिलं. ढोलकी थांबली. परत झुलला, परत सुरू. आणि पोरगं चक्क हसलं.

मग त्यांनी त्याच ठेक्यावर त्याच्या नावाचं काहीतरी गुणगुणायला घेतलं आणि शेवटी समेची मात्रा मोकळी सोडली. गप्प बसून राहिल्या. मी मनात आकडे मोजत होतो. नऊ... दहा... अकरा... माझेच हात शिवशिवत होते. तेवढ्यात चिंटूने वाटीवर टणकन थाप मारली. मॅडमनी लगेच पेटीवर 'सा' धरला, जणू त्याच्याचसाठी सगळे थांबले होते.

ताईने आजवर हजार वेळा "चिंटू, इकडे बघ" म्हटलं असेल. त्याला उत्तर यायचं नाही. इथे क्रम उलटा झाला. आधी त्याच्या झुलण्याला कुणीतरी उत्तर दिलं, मग त्याने दिलं.

आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर ट्रॅक लावणं म्हणजे ब्रॉडकास्ट. पलीकडे कुणी आहे का, त्याला झेपतंय का, याच्याशी काही देणंघेणं नाही. खोलीत चाललं होतं ते हँडशेक. दोन मशीन डेटा पाठवण्याआधी एकमेकांना "आहेस का?", "आहे, तू?", "आहे" एवढंच विचारतात. ते झाल्याशिवाय पुढचं काही सुरूच होत नाही.

आणि हे काही त्या मॅडमचं खासगी संशोधन नव्हे. १९५९ मध्ये पॉल नॉर्डॉफ हा अमेरिकन संगीतकार आणि क्लाइव्ह रॉबिन्स हा विशेष मुलांचा शिक्षक इंग्लंडमधल्या सनफील्ड नावाच्या संस्थेत एकत्र आले. नॉर्डॉफ पियानोवर बसून मुलाच्या रडण्याला, हालचालीला, ढोल बडवण्याला तिथल्या तिथे सुचलेल्या संगीताने उत्तर द्यायचा. त्या दोघांच्या नावाची पद्धत आजही अनेक देशांत शिकवली जाते. तीत ठरलेली धून नसते. मूल जे करील तिथून सुरुवात.

आता सवयीप्रमाणे मी पुरावा शोधायला बसलो, आणि इथे जरा पंचाईत झाली. २०१७ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. नऊ देश, चार ते सहा वर्षं वयाची ३६४ ऑटिस्टिक मुलं. काहींना नेहमीच्या मदतीबरोबर असे उत्स्फूर्त संगीतोपचार, बाकीच्यांना नुसती नेहमीची मदत. पाच महिन्यांनी ऑटिझमच्या सामाजिक लक्षणांच्या मोजमापात दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. वाचून मी खट्टू झालो. मग २०१८ चा माँट्रियलचा अभ्यास सापडला. प्रमुख संशोधक मेघा शारदा. सहा ते बारा वर्षांची ५१ मुलं, आठ ते बारा आठवडे. एका गटाबरोबर संगीत, दुसऱ्याबरोबर तेवढाच वेळ संगीताशिवाय खेळ. संगीताच्या गटात संवाद जास्त सुधारला, आणि मेंदूच्या स्कॅनमध्ये ऐकण्याच्या व हालचालीच्या भागांमधला ताळमेळ वाढलेला दिसला. मात्र गट लहान, आणि संवादाचं मोजमाप पालकांनी भरलेल्या प्रश्नावलीवरचं.

२०२२ मध्ये कॉक्रेनने २६ अभ्यास आणि ११६५ जणांची माहिती एकत्र तपासली. निष्कर्ष तोलूनमापून आहे: एकूण सुधारणा, लक्षणांची तीव्रता आणि जगण्याची गुणवत्ता यांत फायदा होत असावा, पण उपचार संपल्या संपल्या सामाजिक देवाणघेवाण किंवा बोलणं यात स्पष्ट फरक दिसला नाही.

म्हणजे "संगीताने मूल बोलू लागतं" असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर ती थाप आहे. आणि "सिद्ध झालेलं नाही, सोडून द्या" म्हणणाराही घाई करतोय. एवढी काळजी घेऊन, समोर प्रशिक्षित माणूस बसवून केलेल्या कामाचा निकाल जर इतका सावध असेल, तर पेनड्राइव्हवरच्या चाळीस ट्रॅकचे दावे कुठून येतात?

"ऐकू दे की, नुकसान काय?" हे मला भावजींनीही विचारलं. सांगतो. साडेसहा हजारांत स्पीच थेरपीची कितीतरी सेशन्स झाली असती. अशा बऱ्याच मुलांचे कान आपल्यापेक्षा हळवे असतात, आपल्याला मधुर वाटणारी सतार त्यांना टोचू शकते. आणि तिसरं नुकसान मला सगळ्यात जास्त बोचलं. ट्रॅक चालला नाही तेव्हा ताईला वाटलं की आपलाच राग चुकला, आपलीच वेळ चुकली. विकणारा मोकळा, आई अपराधी.

यावर एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. अशी मॅडम पुण्या-मुंबईत मिळते, पेनड्राइव्ह हिंगोलीलाही पोचतो. खरंय. पण मग हिंगोलीला पोचवायला हवं ते कौशल्य. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्यात जिल्हा पातळीवर लवकर निदान आणि उपचारांची केंद्रं आहेत. तिथे येणाऱ्या आईला दोन वाट्या घेऊन मुलाची लय कशी पकडायची आणि मग गप्प कसं बसायचं, हे दाखवणारं कुणी असावं, ही मागणी काही चंद्र मागण्यासारखी नाही. बडबडगीताचा शेवटचा शब्द गाळून नातवाच्या तोंडाकडे बघत बसणारी आजी आपल्याकडे घरोघरी असायचीच की. अर्थात आजी थेरपिस्टची जागा घेणार नाही, पण सुरुवात तिथून होते.

दुसरी मागणी नोंदणीची. ब्रिटनमध्ये 'म्युझिक थेरपिस्ट' हे बिरुद कायद्याने राखीव आहे, नोंदणीशिवाय लावता येत नाही. अमेरिकेत पदवीबरोबर १२०० तासांचं प्रत्यक्ष काम लागतं. आपल्या पुनर्वास परिषदेच्या नोंदणीत स्पीच थेरपिस्ट आहेत, विशेष शिक्षक आहेत, पण संगीतोपचारकांचा वर्ग नाही. त्यामुळे वर्षानुवर्षं शिकून आलेली मॅडम आणि यादी फॉरवर्ड करणारा गृहस्थ, दोघांची पाटी सारखीच.

तोवर आपणच तीन प्रश्न विचारायचे. मूल थांबलं की तुम्ही काय करता? तीन महिन्यांनी काय बदललेलं असेल आणि ते कसं मोजणार? त्याच्या स्पीच थेरपिस्टशी बोलणार का? आणि कुणी "पूर्ण बरा करू" म्हणालं तर चप्पल घालून निघायचं.

चिंटूला जाऊन आठ महिने झाले. शब्द अजून फारसे आलेले नाहीत. पण जेवताना तो ताटावर दोनदा टकटक करतो आणि ताईकडे बघत थांबतो. ती दोनदा टकटक करते. मग वरण गार झालं तरी हे चालू राहतं. याचा आलेख कसा काढायचा ते मला माहीत नाही, पण ताई हल्ली रात्री अकराला फोन करत नाही.

तुमच्या मित्रमंडळींत असं मूल असेल तर यादी फॉरवर्ड करू नका. रविवारी तासभर त्यांच्या घरी जा आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसा. तो जे वाजवेल तेच वाजवा, आणि मग थांबा. अकरा सेकंद फार मोठे वाटतात, पण थांबा.