ढोल कोणाच्या गळ्यात?

कारंजा लाड ही वऱ्हाडातील कापसाची जुनी पेठ. नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान म्हणून दत्तभक्तांची येथे रीघ असते. भट्टारकांच्या गाद्यांमुळे जैन परंपरेतही या गावाला मान आहे. मुसलमान व बौद्ध वस्त्याही येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आल्या आहेत. अशा गावाच्या रस्त्यांवरून वर्षभर पालख्या, शोभायात्रा, जयंत्या आणि वराती जात असतात. देव वेगळे, झेंडे वेगळे, घोषणा वेगळ्या. पण प्रत्येकीच्या अग्रभागी वाद्य हे हवेच. मिरवणुकीत कोण बसले आहे हे सारा गाव पाहतो. वाजविणारा कोण, त्याला काय मिळते आणि मिरवणूक संपल्यावर तो कोठे जेवतो, हे मात्र कोणी विचारीत नाही. सामुदायिक वाद्यपथकांचा इतिहास सांगावयाचा तर आरंभ याच प्रश्नापासून केला पाहिजे.

गावगाड्यात वाजविणे ही कला नव्हती, ते जातीचे काम होते. हलगी, डफडे, सनई ही वाद्ये प्रामुख्याने मातंगांच्या वाट्याला आली. देवाच्या पालखीपुढे वाजवावे, पण देवळाची पायरी चढू नये. नवरदेवाच्या पुढे चालावे, पण पंगतीत बसू नये, असा हा व्यवहार होता. ज्याच्या तालावर गाव नाचत असे, त्याची सावली गावाला चालत नसे. ढोल त्याच्या गळ्यात होता खरा, पण तो त्याने आपल्या इच्छेने अडकविलेला नव्हता.

या व्यवस्थेला पहिला धक्का दिला तो लष्करी बँडने. ब्रिटिश फौजेबरोबर बिगुल आणि कातडी पट्ट्याने खांद्यावरून सोडलेला ढोल या देशात आला. बिगुलाला कळ नसते, छिद्रे नसतात. ओठांच्या दाबावर निघतात ते मोजके पाच-सहा स्वर. त्यामुळे त्यावर एकट्याने उस्तादी दाखविता येत नाही. दहाजणांनी एका श्वासात फुंकले तरच त्याला अर्थ येतो. ढोलाचे कामही तसेच. मिनिटाला ११६ ते १२० पावलांची चाल सांभाळणे, एवढेच त्याने करावयाचे. या वाद्यांना घराणे लागत नाही. लागते ती सर्वांनी एकत्र पाऊल टाकण्याची सवय.

ही सवय अस्पृश्य समाजाने लष्करात घेतली होती. महारांची भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद पडली. पहिल्या महायुद्धाची निकड भासताच १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारण्यात आली आणि १९२१ मध्ये, गरज सरल्यावर, मोडण्यात आली. पलटण मोडली, शिस्त मोडली नाही. १९२७ साली, महाडच्या सत्याग्रहाच्या त्या वर्षात, समता सैनिक दलाची वाटचाल सुरू झाली. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सुमारे मैलभर लांबीची मिरवणूक निघाली. तिच्या अग्रभागी लष्करी चालीवर वाद्ये वाजविणारे अस्पृश्य वादक होते. त्यांच्यामागे बालवीरांचे पथक आणि त्यामागे सुमारे पाचशे स्त्रिया होत्या. शतकानुशतके दुसऱ्याच्या देवापुढे वाजविणाऱ्यांच्या परंपरेत त्या दिवशी वाद्य स्वतःच्या हक्कासाठी वाजले. मंदिराची दारे बंदच राहिली आणि लढा पुढे काही वर्षे चालला. पण वाजविणारा आता कोणाचा वाजंत्री नव्हता, हे त्या दारांआडूनही ऐकू गेले असेल.

स्वातंत्र्यचळवळीतही याच सुमारास स्वयंसेवकांची शिस्तबद्ध पथके उभी राहिली. १९२३ च्या नागपूर झेंडा सत्याग्रहाचा अनुभव घेऊन डॉ. ना. सु. हर्डीकर यांनी काकिनाडा काँग्रेसच्या वेळी हिंदुस्थानी सेवा दलाची कल्पना मांडली. १९३२ मध्ये सरकारने ते दल बेकायदा ठरविले. ४ जून १९४१ रोजी पुण्यात एस. एम. जोशी यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्र सेवा दलाची नवी बांधणी झाली. शाखेवर मुलगे आणि मुली, सर्व जातिधर्मांची, एका रांगेत उभी राहू लागली. कवायत, लेझीम आणि समूहगीते यांतून एक पिढी घडली. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये उपोषण केले. त्यापूर्वीच्या त्यांच्या महाराष्ट्रव्यापी दौऱ्यात सेवा दलाचे कलापथक गावोगाव त्यांच्यासमवेत होते.

येथे एक आक्षेप घेतला जाईल. गणवेश, बिगूल आणि संचलन ही हुकूमशाहीची सामग्री आहे. समाजवाद्यांनी तिचा मोह कशाला धरावा? आक्षेप क्षुल्लक नाही. युरोपात याच ढोलांच्या आवाजात माणसांची विवेकबुद्धी बुडाली, हे विसरून चालणार नाही. राष्ट्रीय स्वयंसेवक संघानेही आपल्या घोषात बिगुलाला शंख, ढोलांना आनक आणि पणव अशी संस्कृत नावे दिली. वाद्ये मात्र पलटणीचीच राहिली. तेव्हा प्रश्न वाद्याचा वा त्याच्या नावाचा नाही. रांगेत कोणाला उभे राहू दिले जाते आणि ती रांग कोणाविरुद्ध चालते, हा आहे. नाशिकची रांग कोणाच्याही घरावर चालून गेली नव्हती. ती एका बंद दारासमोर गेली होती. हे अंतर ज्याला कळते त्याने ढोलाला भिण्याचे कारण नाही.

आजचे चित्र याहून वेगळे आहे. गेल्या काही दशकांत पुण्यात व अन्य शहरांत सुशिक्षित तरुण-तरुणींची ढोलताशा पथके निघाली. मुलींनी ढोल कमरेला बांधला, ही गोष्ट स्वागतार्हच. परंतु तोच ढोल मातंगाच्या गळ्यात असला की 'काम' आणि महाविद्यालयीन तरुणाच्या कमरेला असला की 'संस्कृती', हा न्याय कोणता? दुसरीकडे डीजेच्या भिंतींनी बँडपार्टीच्या पोटावर पाय दिला आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली झाले. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा कागदावर आहे, आणि ती कागदावरच राहते. बँडवाल्याचे काम लग्नसराईपुरते; उरलेले महिने मजुरीचे. असंघटित कामगारांच्या सामाजिक सुरक्षेचा कायदा २००८ मध्ये झाला, ई-श्रम नोंदणी २०२१ मध्ये सुरू झाली. पण झगमगत्या डगल्यात कॉर्नेट फुंकणारा हा माणूस कामगार आहे, हे अद्याप पुष्कळ कामगार कार्यकर्त्यांच्याही ध्यानी आलेले नाही.

कारंज्यासारख्या तालुक्याच्या गावी म्हणूनच एक साधे काम हाती घेता येईल. सर्व वस्त्यांतील मुलामुलींचे एक ढोल-बिगूल पथक उभारावे. त्याला लाखो रुपये लागत नाहीत. काही ढोल, काही बिगूल आणि संध्याकाळी एखाद्या शाळेचे मैदान, एवढे पुरे. शिकविण्यासाठी निवृत्त सैनिक बोलवावा, आणि त्याच्याइतक्याच मानाने गावातील बँडवाला व हलगीवादक बोलवावा. त्याला मानधन द्यावे, त्याला गुरुजी म्हणावे. ज्याच्याकडून विद्या घ्यावयाची त्याचीच सुपारी फुकट वाजवून बुडवावयाची नाही, हा पथकाचा पहिला नियम असावा. बँडवाल्यांची ई-श्रम नोंदणी हे पथकाचे दुसरे काम असावे. १४ एप्रिल, १ मे, १५ ऑगस्ट या दिवशी पथक गावभर फिरावे. आणि इस्पितळासमोर, तसेच कोणाच्याही प्रार्थनेच्या वेळी प्रार्थनास्थळासमोर, ढोल आपणहून थांबावेत. मशिदीवरून वाद्ये नेण्याच्या हट्टापायी या देशात किती रक्त सांडले, याची आठवण ठेवणाऱ्यांना थांबण्याचीही तालीम असावी लागते.

असे पथक क्रांती करणार नाही. परंतु जैनाचे पोर, बागवानाचे पोर, मातंगाची मुलगी आणि देशमुखाचा मुलगा एका ठोक्यावर पाऊल टाकू लागले, आणि तो ठोका शिकविणारा हलगीवादक त्यांच्याबरोबर एका पंगतीत जेवू लागला, तर गावगाड्याचे एक चाक तरी निखळेल. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वाजविले त्यांना पंगतीचा मान देण्याचे काम अजून राहिले आहे. कारंज्याच्या कार्यकर्त्यांनी त्याची सुरुवात पुढच्या मिरवणुकीपासून करावी.