गोळी सुरू, विचारपूस बंद

रक्तातील कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गटातील गोळ्या आता असंख्य घरांत रक्तदाबाच्या गोळीशेजारी जाऊन बसल्या आहेत. जपानी संशोधक अकिरा एन्डो यांना १९७० च्या दशकात एका बुरशीत या गटाचे पहिले द्रव्य गवसले. १९८७ साली अमेरिकेत लोव्हास्टॅटिनला मान्यता मिळाली. हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात टाळण्यातील या औषधांचे कार्य निर्विवाद आहे. तथापि उपयुक्त औषध म्हणजे निरुपद्रवी औषध नव्हे.

२००१ साली याच गटातील सेरिव्हास्टॅटिन बाजारातून मागे घ्यावे लागले. त्यामुळे काही रुग्णांच्या स्नायूंचा ऱ्हास होऊन मूत्रपिंडे निकामी झाली व कित्येक दगावले. त्यांतील अनेकजण जोडीला जेमफायब्रोझिल हे दुसरे औषध घेत होते. धोका बहुधा अशा जोडीतच दडलेला असतो. आजही सिम्व्हास्टॅटिन चालू असताना क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक घेणे धोक्याचे ठरते. खोकल्यासाठी वेगळ्याच डॉक्टरांकडे गेलेला रुग्ण आपली रोजची गोळी सांगावयास विसरला, तर दोष केवळ त्याचाच कसा मानावा?

याउलट, अवास्तव भीतीही तितकीच घातक आहे. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातील संशोधकांनी दुष्परिणामांमुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना काही महिने खरी गोळी, काही महिने औषधविरहित गोळी दिली, तर काही महिने काहीच दिले नाही. स्टॅटिनच्या महिन्यांत झालेल्या त्रासापैकी सुमारे ९० टक्के त्रास औषधविरहित गोळीनेही झाला, असे २०२० साली त्यांना आढळले. त्रास खोटा नव्हता. त्याचे कारण मात्र बहुतांशी औषध नव्हते. तेव्हा शेजाऱ्याच्या सल्ल्याने गोळी सोडणे हे शहाणपण नव्हे.

स्नायू अतिशय दुखू लागले, अशक्तपणा आला वा लघवी गडद झाली, तर विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. उपचारापूर्वी यकृताची तपासणी व्हावी. रक्तातील साखर किंचित वाढू शकते, म्हणून तिच्याकडेही लक्ष असावे. गर्भवती स्त्रियांनी, तसेच मूल हवे असणाऱ्यांनी, डॉक्टरांना आधीच विचारावे.

एवढे सांगावयास पाच मिनिटे पुरतात. पण गर्दीच्या दवाखान्यात तीच मिळत नाहीत आणि जुनीच चिठ्ठी दाखवून वर्षानुवर्षे गोळ्या घेतल्या जातात. वेष्टनातील इंग्रजी पत्रक तर वाचलेच जात नाही. ते मराठीत, ठळक अक्षरांत का असू नये? सावधगिरीची सूचना हा औषधाचाच भाग आहे. ती न देता दिलेले औषध अर्धेच दिले, असे म्हणावे लागेल.