कड्यावरचा सडा पडीक नाही



परवा पाखाडीने कड्यावरच्या गणपतीला गेलो होतो. देवळामागे सड्यावर टेकलो तर दोन पाहुणे आले. त्यांनी सुवर्णदुर्गाचे फोटो काढले आणि मला विचारलं, "काका, ही एवढी जागा रिकामी कशी ठेवलीत?"

त्यांना काय बोलणार? आपल्या सातबाऱ्यावरही तेच लिहिलंय, पोटखराबा. दलालही तेच म्हणतो, आणि आपणही पोरांना तेच सांगतो, "वर नुसता कातळ आहे." माझं भांडण या शब्दाशी आहे.

२०२५ च्या जुलैत युनेस्कोने बारा किल्ल्यांना जागतिक वारसा दिला. त्यात आपल्या हर्णैचा सुवर्णदुर्ग आहे. आनंद झाला, पेढे वाटले. पण तो मान नीट वाचा. तो नुसत्या तटबंदीला नाही, मराठ्यांच्या लष्करी भूप्रदेशाला आहे. म्हणजे डोंगर, खाडी, समुद्र बघून किल्ला कुठे बांधायचा ते ज्यांनी ठरवलं, त्यांच्या नजरेला आहे. सुवर्णदुर्ग पाण्यात, त्याच्या पाठीशी किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड, गोवा किल्ला. १७५५ साली पेशवे आणि इंग्रज मिळून तुळाजी आंग्र्यांवर आले ते याच पाण्यात. आमच्या कड्यावरून हे सगळं एका नजरेत दिसतं. मग समोरच्या बेटावरचा दगड वारसा आणि अलीकडचा जांभा खराबा, हा कुठला हिशोब?

जुनी माणसं सांगतात, गणपतीचं देऊळ आधी खाली किनाऱ्याला होतं. समुद्र आत आला तसा देव कड्यावर चढला, वाटेत कातळावर त्याचं पाऊल उमटलं. कोणी मानो न मानो, पण गोष्टीत शहाणपण आहे. खालचं जातं तेव्हा वरचं आधाराला लागतं.

आता शेतीचं बोलू. दापोलीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जांभा भोकाभोकांचा, तो पाणी पितो. त्याच्याखाली चिकण शेडू आहे, तिथे पाणी अडतं आणि हळूहळू उताराला झऱ्यातून, विहिरीतून बाहेर येतं. त्या पाण्यावर खालची नारळ-सुपारीची आगरं उभी आहेत. सडा ही आपली बिनखर्चाची टाकी. वरून गुरांना गवत आणि राबाला कवळ मिळतो तो वेगळाच.

माझ्या विहिरीत पूर्वी वैशाखात चार पायऱ्या उघड्या पडायच्या. यंदा सात पडल्या. सगळा दोष कातळ तोडणाऱ्यांचा म्हणत नाही. आम्ही सगळ्यांनी पंप बसवले, तेही पाणी ओढतात. पण भरणं कमी आणि उपसा जास्त असेल, तर टाकी किती दिवस पुरणार?

मी काही धुतल्या तांदळाचा नाही. १९९० नंतर रोजगार हमीतून शंभर टक्के अनुदानावर फळबाग आली. तेव्हा मीही सुरुंग लावून खड्डे केले, खालची माती वर नेऊन हापूस लावला. त्यातली निम्मी कलमं आज आंबा देतात, खोटं कशाला बोलू? पण ते खड्डे होते, मधला सडा जागेवर राहिला. आता जेसीबी येतो तो अख्खा उतार कापतो, वर सपाट करून काँक्रीट ओततो. पाणी मुरायची जागाच बंद. पावसाळ्यात तेच पाणी लाल चिखल घेऊन आगरात उतरतं.

कोणी म्हणेल, काका, तुमचं बरं आहे, आम्हाला पैसा लागतो. मान्य. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने माझी निम्मी सुपारी आडवी केली. नवीन सुपारीला फळ धरायला सहा-सात वर्षं. त्या काळात दलाल दारात आला, तेव्हा माझाही हात पेनाकडे गेला होता. विकणाऱ्याला मी शिव्या देणार नाही. पण गुंठ्याचा भाव ठरवताना खालच्या वीस आगरांचं पाणी कोण मोजतो? पैसे एकाला मिळतात, विहीर सगळ्यांची आटते.

म्हणून दोन गोष्टी मागतो. शेतकऱ्यांनी आपापल्या विहिरीची पातळी दर वैशाखात आणि दिवाळीला दोरीने मोजून वहीत लिहावी. पुढच्या ग्रामसभेत तोंडी रडगाणं नको, आकडा हवा. आणि या पानावरच्या कृषी पदवीधरांनो, विद्यापीठ दापोलीत, म्हणजे आपल्या अंगणात आहे. आंब्याच्या मोहोरावर सल्ला देता तसं एकदा सड्यावर चला. कुठलं पाणी कुठल्या झऱ्याला येतं ते आम्हाला नकाशावर काढून द्या. तोपर्यंत कड्याची कड आणि झऱ्यावरचा भाग कोणी तोडू नये, एवढा ठराव गावाने करावा.

किल्ल्याला फलक लागला, चांगलं झालं. सड्याला फलक नको. त्याला फक्त रिकामा म्हणू नका.

तुमच्या विहिरीच्या किती पायऱ्या उघड्या पडल्या, ते खाली लिहा.